वर्तुळात परतताना

वीस मीटरच्या आसपास लांबीच्या दोन पोलादी तारा, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. त्यांच्या एका टोकाला मुठीत धरलेलं हँडल आणि दुसऱ्या टोकाला दीड-पावणेदोन किलोचं, बाल्साच्या लाकडाचं विमान. मधोमध उभ्या असलेल्या माणसाभोवती ते ताशी 85 किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरतं. मनगट जरा मागे झुकलं की वर उसळतं, पुढे झुकलं की खाली येतं. सुलट-उलट गोल, चौकोन, त्रिकोण, आठचे आकडे असे सगळे आकार ते हवेत काढतं, आणि हे सारं रेडिओशिवाय, केवळ त्या दोन तारांच्या ताणावर. या प्रकाराला कंट्रोल-लाइन उड्डाण म्हणतात.

अमेरिकेत आणि युरोपात या खेळाच्या स्पर्धा आजही नेमानं होतात. तिथं गेलं तर मैदानावर पिकल्या केसांची माणसं मोठ्या संख्येनं दिसतात, आणि त्यांतल्या अनेकांची गोष्ट सारखीच असते. दहाव्या-बाराव्या वर्षी पहिलं विमान, पंचविशीपर्यंत वेड, मग नोकरी, लग्न, मुलं, घराचे हप्ते. विमानं माळ्यावर गेली. वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लोटली आणि निवृत्तीच्या सुमारास माळ्यावरची पेटी पुन्हा खाली आली. या लोकांना नुसतं उडवायचं नसतं. त्यांना पुन्हा परीक्षकांसमोर उभं राहायचं असतं. इतक्या वर्षांनी हे जमतं का, जमत असेल तर कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यातून माणसाचं शरीर काय धरून ठेवतं आणि काय सोडून देतं, याचाही उलगडा होतो.

हा खेळ अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ओरेगन राज्यात वाढला. पोर्टलँडच्या जिम वॉकर यांची अमेरिकन ज्युनियर नावाची कंपनी होती. त्यांनी ‘यू-कंट्रोल’ या नावानं दोन तारांची पद्धत बाजारात आणली, ‘फायरबॉल’ नावाचं मॉडेल विकलं आणि 1942 साली पेटंट मिळवलं. वॉकर स्वतः उत्तम प्रदर्शन करत. दोन हातांत दोन आणि तिसरं डोक्याला बांधलेलं, अशी तीन विमानं ते एकाच वेळी उडवून दाखवत. पुढे त्यांनी पेटंटच्या हक्कासाठी कॅलिफोर्नियाचे उद्योजक लेरॉय कॉक्स यांच्यावर दावा लावला. त्या खटल्यात ओरेगनच्याच ओबा सेंट क्लेअर यांनी 1930 च्या दशकात बनवलेलं विमान पुरावा म्हणून पुढे आलं. तशीच पद्धत त्यांनी आधी वापरली होती. 1955 साली न्यायालयानं वॉकर यांचं पेटंट रद्द ठरवलं. कॉक्स यांच्या कंपनीनं पुढे जेमतेम 0.8 सीसीच्या इंजिनावर उडणारी तयार प्लॅस्टिकची विमानं खेळण्यांच्या दुकानांतून विकली आणि अमेरिकेतल्या मुलांच्या एका पिढीला या खेळाची पहिली ओळख त्यांनीच करून दिली.

दुसरी मोठी गोष्ट घडली 1947 साली. तोवर या छोट्या इंजिनांना ठिणगी पाडण्यासाठी विमानातच बॅटरी आणि कॉइल न्यावी लागे. रे आर्डेन यांनी त्या वर्षी ग्लो-प्लग बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं छोटंसं वेटोळं असतं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीनं ते तापवायचं. इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. इंधनातल्या मिथेनॉलची प्लॅटिनमच्या सान्निध्यात जी प्रक्रिया होते, तिच्या उष्णतेनं तार लाल राहते आणि इंजिन चालू राहतं. विमानाचं ओझं एकदम उतरलं. हलकं विमान म्हणजे चपळ विमान, आणि चपळ विमानामुळे हवाई कसरती सोप्या झाल्या.

विमान तारांवर टिकतं कसं, हे एकदा पाहिलं की पुढच्या अडचणी कळायला सोपं जातं. पंखाच्या आत बेलक्रँक नावाची त्रिकोणी तरफ असते. दोन्ही तारा तिच्या दोन टोकांना जोडलेल्या असतात आणि तिसऱ्या कोनातून निघालेली काडी शेपटीवरच्या एलिव्हेटरपर्यंत जाते. हँडल झुकलं की एक तार ओढली जाते, तरफ फिरते, एलिव्हेटर हलतं. कसरतीच्या विमानांत पंखांच्या मागच्या कडेला फ्लॅपही असतात आणि ते एलिव्हेटरच्या उलट दिशेनं हलतात. नाक वर जात असताना फ्लॅप खाली येतात, त्यामुळे पंखाची उचल वाढते आणि विमान घसरत न जाता नेमकं वळतं.

पण हे सारं चालतं ते तारा ताठ असतील तरच. गोफणीतला धोंडा जसा दोरी ताणून धरतो, तसं विमान स्वतःच्या वेगानं तारा ताणून धरतं. पावणेदोन-एक किलोचं विमान वीस मीटरच्या त्रिज्येवर ताशी 85 किलोमीटरनं फिरत असेल तर हाताला सुमारे पाच किलोचा ओढा जाणवतो. विमान थेट डोक्यावर गेलं की गुरुत्वाकर्षण या ओढ्याच्या विरुद्ध काम करतं. शिवाय चढताना वेग कमी होतो, म्हणून ताण आणखी घटतो. तारा सैल पडल्या तर विमानावरचा ताबा गेलाच. म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं वजन ठेवतात, तारा पंखातून बाहेर पडण्याची जागा गुरुत्वमध्याच्या किंचित मागे घेतात आणि अनेक रचनांत आतला पंख बाहेरच्यापेक्षा थोडा लांब करतात. आतला पंख लहान वर्तुळावर, म्हणजे थोड्या कमी वेगानं फिरतो. त्याची कमी पडणारी उचल अशी भरून काढली जाते.

कंट्रोल-लाइनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या नियमांनी होतात. वेगाच्या गटात 2.5 सीसीचं इंजिन लावलेली विमानं ताशी 300 किलोमीटरच्या घरात पोचतात. 17.69 मीटरच्या तारांवर नऊ फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, आणि तो सुमारे बारा सेकंदांत संपतो. टीम रेसमध्ये तीन वैमानिक एकाच वर्तुळात खेटून उभे राहतात आणि त्यांचे मेकॅनिक कडेला विमान पकडून, इंधन भरून, इंजिन चालू करून पुन्हा सोडतात. कॉम्बॅटमध्ये दोन विमानं चार मिनिटं एकमेकांच्या शेपटीला बांधलेली कागदी पट्टी कापायला धावतात आणि प्रत्येक तुकड्याला शंभर गुण मिळतात. या तिन्ही प्रकारांत तरुण हातांचा आणि वेगवान प्रतिक्रियेचा फायदा मोठा. बराच काळ दूर राहिलेला माणूस परततो तो बहुधा चौथ्या प्रकारात, हवाई कसरतींत. स्टंट या नावानं तो ओळखला जातो.

स्टंटमध्ये उड्डाण आणि उतरणं धरून पंधरा प्रकार ठरलेल्या क्रमानं करावे लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांत त्यासाठी सात मिनिटं मिळतात. त्यांत सरळ आणि उलटे गोल येतात, चौकोन येतात, त्रिकोण येतात. आडवे, उभे, चौकोनी आणि डोक्यावरचे आठ येतात. वाळूच्या घड्याळाचा आकार येतो आणि चार पाकळ्यांचं क्लोव्हर येतं. सरळ उड्डाण जमिनीपासून दीड मीटरवर राहायला हवं. बहुतेक आकारांचा तळही तिथंच, आणि माथा वैमानिकाच्या नजरेत 45 अंशांवर. परीक्षक वर्तुळाबाहेर उभे राहून प्रत्येक आकाराला गुण देतात.

यातल्या चौकोनाच्या एका कोपऱ्याकडे जवळून पाहू. विमान सेकंदाला सुमारे 24 मीटर वेगानं, दीड मीटर उंचीवर येतं आणि एकदम काटकोनात वर वळतं. हे वळण 3 मीटर त्रिज्येचं धरलं तरी विमानावर त्याच्या वजनाच्या एकोणीसपट बल पडतं. वळण घ्यायला लागणारा वेळ एका सेकंदाचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात मनगट झुकायला हवं, आणि मुख्य म्हणजे नेमक्या क्षणी सरळही व्हायला हवं. किंचितही उशीर झाला तर कोपऱ्यानंतर विमान थरथरतं किंवा चौकोनाची बाजू तिरकी जाते. परीक्षकांना हे लगेच दिसतं.

वैमानिकाला मात्र ते दिसत नाही. तो गोलार्धाच्या मध्यभागी उभा असतो आणि विमान त्या गोलार्धाच्या पृष्ठभागावर रेषा ओढत असतं. बाहेरून सपाट दिसणारी बाजू त्याला आतून वाकडी भासते, आणि त्याला सरळ वाटलेली बाहेरून वाकडी निघते. जाणकार मार्गदर्शकाशिवाय स्टंटमध्ये प्रगती होत नाही, त्याचं कारण हेच. अव्वल खेळाडूही सरावाला माणूस सोबत नेतात. तो परीक्षकाच्या जागी उभा राहतो आणि ‘तळ उंच’, ‘दुसरा गोल पहिल्याहून मोठा’, ‘छेद सरकला’ असं मोठ्यानं सांगत राहतो.

इतक्या वर्षांनी हँडल हातात घेणाऱ्याच्या बाबतीत काय शिल्लक राहिलेलं असतं? अपेक्षेपेक्षा बरंच. 1962 साली फ्लाइशमन आणि पार्कर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विमान चालवण्यासारख्या सततच्या हस्तनियंत्रणाच्या कौशल्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगात शिकलेलं कौशल्य दोन वर्षांच्या खंडानंतरही जवळपास जसंच्या तसं राहिलं, आणि जे थोडं उणावलं होतं ते थोड्याच सरावात भरून निघालं. दोन वर्षं म्हणजे तीस वर्षं नव्हेत. तरी हात-डोळ्यांच्या अखंड हालचालीचं कौशल्य टिकाऊ असतं, हे मैदानावरही दिसतं. उलट उड्डाण हे त्याचं चांगलं उदाहरण. विमान पालथं असताना वर नेण्यासाठी हँडल खालच्या दिशेला झुकवावं लागतं. नवख्याची विमानं इथंच जमिनीत घुसतात. पण ज्यानं तरुणपणी हे आत्मसात केलं होतं, त्याचं मनगट पहिल्या-दुसऱ्या उड्डाणातच योग्य दिशेला जातं.

जातं ते दुसरंच. आकारांचा क्रम विसरला जातो. कोणत्या आकारानंतर कोणता, मध्ये किती फेऱ्या, कुठल्या बाजूला सुरुवात, हे डोक्यातून पुसलेलं असतं. म्हणून जुने खेळाडू परतल्यावर सगळ्यात आधी कोरड्या जमिनीवर, हातात काडीवरचं छोटं विमान घेऊन पूर्ण क्रम चालत-चालत घोकतात. जागतिक पातळीवरचे वैमानिकही स्पर्धेच्या दिवशी वर्तुळाबाहेर हे करताना दिसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तोल. विमान पाच-साडेपाच सेकंदांत एक फेरी घेतं आणि तेवढ्यात वैमानिक स्वतःभोवती पूर्ण फिरतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतला द्रव फिरण्याची सुरुवात आणि शेवट मेंदूला कळवतो. एकाच वेगानं फिरणं चालू राहिलं की वीस-तीस सेकंदांत ही जाणीव विरते. मग थांबलं की द्रव काही काळ फिरतच राहतो आणि जग गरगरतं. विमानावर नजर खिळवून ठेवली तर हा त्रास कमी होतो, कारण फिरत्या दृश्यात तेवढीच एक वस्तू डोळ्यांना स्थिर असते. नियमित उडवणाऱ्याचा मेंदू या गोंधळाकडे दुर्लक्ष करायला शिकतो, पण सराव सुटला की ही सवय मोडते. वय वाढतं तशा आतल्या कानातल्या संवेदक पेशीही कमी होत जातात, म्हणून साठीतल्या माणसाला ही सवय पुन्हा लावायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. मानेचाही प्रश्न असतो. डोक्यावरचे आठ काढताना मान पूर्ण मागे टाकावी लागते, आणि तिथं अडखळलेला पाय पडण्याला निमंत्रण देतो. अनुभवी लोक सुरुवातीला दिवसाला मोजकीच उड्डाणं करतात, मध्ये बसून घेतात आणि डोक्यावरचे आकार शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवतात.

तिसरी गोष्ट वाऱ्याची समज. सगळे आकार वाऱ्याच्या खालच्या बाजूला काढायचे असतात, म्हणजे वारा विमानाला बाहेर ढकलतो आणि तारा ताठ राहतात. वरच्या बाजूला तोच वारा विमानाला आत, माणसाकडे ढकलतो. वारा फिरला की वैमानिकानंही आकार फिरवायचे, पण परीक्षकांची जागाही लक्षात ठेवायची. अगदी पडलेल्या वाऱ्यातही सुख नसतं. तीन गोल एकावर एक काढताना विमान स्वतःच ढवळलेल्या हवेत शिरतं आणि धक्के खातं. हे पुस्तकात वाचून येत नाही. त्यासाठी पुन्हा मैदानावर दिवस घालवावे लागतात.

आता माळ्यावरच्या पेटीकडे वळू. त्यात हमखास असतं ते फॉक्स 35. 1940 च्या दशकाच्या अखेरीस ड्यूक फॉक्स यांनी आणलेलं साधारण 5.7 सीसीचं हे इंजिन अर्धशतकभर स्टंटवाल्यांचं लाडकं राहिलं. शेजारी बहुधा ‘नोबलर’ असतं. टेक्सासच्या जॉर्ज ऑल्ड्रिच यांनी 1952 च्या सुमारास मांडलेली ही रचना. जाड पंख, त्यावर फ्लॅप, लांब शेपूट. पुढच्या कित्येक स्टंट विमानांच्या आराखड्यात तिचा ठसा दिसतो. टॉप फ्लाइट कंपनीनं तिचे संच विकले आणि अमेरिकेतल्या असंख्य मुलांनी ते जेवणाच्या टेबलावर जोडले.

जुनं इंजिन फिरतच नाही, ही पहिली तक्रार. कारण बहुतेक वेळा एरंडेल. या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि भरपूर तेल असतं. फॉक्स 35 सारख्या जुन्या इंजिनाला तर पाव हिश्श्याहून अधिक तेल लागतं, आणि ते एरंडेलच असेल तर उत्तम, कारण प्रचंड उष्णतेतही ते धातूला चिकटून राहतं. पण वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेच एरंडेल घट्ट, पिवळं, लाखेसारखं होतं आणि पिस्टन जागच्या जागी धरून ठेवतं. अशा वेळी पाना लावून जोर करायचा नाही. त्यानं दांडा वाकतो. इंजिन हलकंसं गरम करून, तेल सोडून, वाट पाहायची. ते सुटलं की उघडून स्वच्छ करायचं, बेअरिंग आणि गॅस्केट पाहायचे, मगच इंधन घालायचं.

इंजिनापेक्षा धोक्याच्या असतात तारा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या तारेच्या एका पेडाला गंज चढलेला असतो. पंखातून बाहेर येणाऱ्या जाड तारा बेलक्रँकच्या भोकात वर्षानुवर्षं घासून झिजलेल्या असतात, आणि ही जागा पंखाच्या आत असल्यानं नजरेला पडत नाही. हाताला पाच किलोचा ओढा देणारं विमान सुटलं तर ते सरळ रेषेत, पूर्ण वेगानं जातं, आणि वाटेत कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून स्पर्धेआधी ओढ-चाचणी सक्तीची असते. स्टंटमध्ये विमानाच्या वजनाच्या दहापट बलानं हँडल ओढून बघतात. 1.8 किलोचं विमान म्हणजे 18 किलो. हँडलला मनगटाशी बांधणारी सुरक्षा-दोरीही असते. जुन्या तारा फेकून नव्या घ्याव्यात, यावर अनुभवी वैमानिकांचं एकमत आहे.

दरम्यानच्या काळात खेळ बराच बदलला. पूर्वी स्टंटचं इंजिन सपाट उड्डाणात मुद्दाम जास्त इंधनावर, मंद आणि जाड आवाजात चालवत. विमान चढू लागलं की ते आपोआप धारदार आवाजात ताकद लावे आणि उतरताना पुन्हा मंद होई. ही सूक्ष्म जुळणी इंधन, प्रोपेलर, टाकीची उंची आणि हवामान या सगळ्यांवर अवलंबून असे, आणि तीच चांगल्या वैमानिकाची ओळख मानली जाई. 1980 च्या दशकात ट्यून्ड पाइप, म्हणजे एक्झॉस्टला जोडायची ठरावीक मापाची नळी, आली आणि इंजिनाचे फेरे स्थिर ठेवणं सोपं झालं. 2000 नंतर विजेची मोटर आली.

या बदलाशी जोडलेलं एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेचे बॉब हंट 1978 साली इंग्लंडमधल्या वुडव्हेल इथं ‘जेनेसिस’ विमानानं स्टंटचे जगज्जेते झाले. ते पिस्टन-इंजिनाच्या परंपरेत घडलेले. पण इलेक्ट्रिक मोटर या खेळाच्या कामाची आहे, हे पटल्यावर त्यांनी ती स्वतः वापरली, सुधारली आणि लेखांतून इतरांना शिकवली. स्लोवाकियाचे इगोर बर्गर यांनी तर विमानाचं त्वरण मोजून मोटरची ताकद क्षणोक्षणी बदलणारं नियंत्रण तयार केलं. चढताना जोर वाढतो, उतरताना घटतो आणि वेग जवळपास सारखा राहतो. पूर्वी जे काम इंधनाची सुई करायची, ते आता आज्ञावली करते. प्रत्येक उड्डाण आधीच्यासारखंच होतं, आवाज कमी होतो आणि त्यामुळे शहरालगतची मैदानंही टिकतात. परतणाऱ्या माणसाला हा मोठाच दिलासा. त्याचा वेळ इंजिनाच्या नखऱ्यांत न जाता आकारांच्या सरावात जातो.

जुळणीचं तंत्रही बदललं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बहुतेक विमानांत टोकाचं वजन, तारा बाहेर पडण्याची जागा, सुकाणूचा कोन हे सगळं बांधतानाच कायमचं चिकटवलेलं असे. आज पंखाच्या टोकाला उघडणारी छोटी खिडकी असते, तारा मागे-पुढे सरकवता येतात, हँडलमधलं अंतर बदलता येतं. त्यामुळे विमानाचं वागणं पायरी-पायरीनं सुधारता येतं. उदाहरणार्थ, चौकोनाच्या कोपऱ्यात बाहेरचा पंख खाली लवत असेल तर टोकातलं वजन जास्त आहे. तीन-चार ग्रॅम काढायचे, पुन्हा उडवायचं, पाहायचं. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम अनुभवी लोक कधीही मोडत नाहीत. दोन बदल एकदम केले तर कशामुळे काय झालं, हे कळत नाही.

परतणाऱ्यांसाठी या खेळानं काही दारंही मुद्दाम उघडी ठेवली आहेत. इंडियाना राज्यातल्या मन्सी इथं, अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या हजार एकरांहून मोठ्या आवारात, अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा भरते. 1936 साली स्थापन झालेली ही संस्था अमेरिकेतल्या मॉडेल उड्डाणाची पालक संस्था आहे. स्टंटच्या विजेत्याला तिथं मिळणारा मानाचा चषक वॉकर यांच्याच नावाचा. स्थानिक स्पर्धांत मात्र बिगिनर, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड आणि एक्स्पर्ट अशा कौशल्यानुसार पायऱ्या असतात. त्यामुळे वीस वर्षांनी आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी राष्ट्रीय विजेत्याशी झुंजावं लागत नाही. शिवाय 1952 च्या अखेरपर्यंतच्या रचनांसाठी ओल्ड टाइम आणि 1969 पर्यंतच्या रचनांसाठी क्लासिक असे वेगळे गट आहेत. ॲरिझोनातल्या ट्युसन इथं तर केवळ अशा जुन्या रचनांची व्हिंटेज स्टंट चॅम्पियनशिप अनेक वर्षं भरत आली. लहानपणी जे विमान परवडलं नाही किंवा नीट बांधता आलं नाही, ते आता बांधून स्पर्धेत उतरवायचं, ही त्या लोकांची मनापासूनची इच्छा असते, आणि हे गट ती पूर्ण करतात.

अमेरिकेच्या नियमांत विमान स्वतः बांधलेलं असण्याला दीर्घकाळ महत्त्व राहिलं. रंगकाम, जोडकाम आणि एकूण देखणेपणासाठी उड्डाणाआधीच वीसपर्यंत गुण दिले जात. याचाही फायदा वय झालेल्यांना होई. तीन वर्षं हळूहळू घासून, रंगाचे थर देऊन तयार केलेलं विमान तरुण प्रतिस्पर्ध्याच्या घाईनं बनवलेल्या विमानापेक्षा वरचढ ठरू शके.

महाराष्ट्राला हा खेळ अगदी परका नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरातल्या स्पर्धांत कंट्रोल-लाइनही असतं. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या एअर स्क्वाड्रनमधून गेलेल्या अनेक कॅडेट्सनी महाविद्यालयाच्या वर्षांत हँडल हातात धरलं आहे. त्यांतल्या कित्येकांच्या विमानांना कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरची ऑरोरा इंजिनं असत. पदवीनंतर यांतल्या बहुतेकांचं उडवणं थांबलं, कारण वर्तुळ, तारा आणि सोबती मिळेनात.

अशांपैकी कुणाला परतायचं असेल तर क्रम सोपा आहे. आधी जुन्या तारा टाकून नव्या घ्या आणि विमानाची ओढ-चाचणी करा. साधं, मजबूत, स्वस्त विमान निवडा, कारण पहिल्या काही महिन्यांत एखादं विमान मोडणारच. पन्नासेक मीटर रुंद मोकळी जागा शोधा. आसपास विजेच्या वाहिन्या असतील तर ती जागा कितीही सोयीची असली तरी सोडा, कारण धातूची तार वाहिनीला लागली तर जीव जातो. सुरुवातीचे दिवस केवळ सपाट फेऱ्या, मग एकच गोल, मग उलट उड्डाण, असा क्रम ठेवा आणि गरगरलं तर लगेच उतरा. एकट्यानं सराव करू नका. वर्तुळाबाहेर उभं राहून तुमचे आकार पाहील आणि जे दिसेल ते सांगेल, असा सोबती शोधा. ओळखीतलं कुणी नसेल तर तुमच्या जुन्या स्क्वाड्रनकडे एरोमॉडेलिंग प्रशिक्षकाची चौकशी करा.